मुक्या जिवाची संमती



मनुष्यावर शस्त्रक्रिया करावयाची तर त्याची संमती घेतात. ज्याचे शरीर त्याचा निर्णय. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि दुसरे मार्ग समजल्यावाचून दिलेली संमती खरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात स्पष्ट केले. पण बैलाचे काय? शस्त्र त्याच्या देहावर, सही मात्र धन्याची. दुसऱ्याच्या वेदनेला 'हो' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

लोधीखेडा हा सौंसरकडील कापूस-संत्र्याचा मुलूख. समजा, तेथील एका शेतकऱ्याच्या बैलाने कुटाराबरोबर तार गिळली. ती पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात रुतते, पोट आकुंचन पावताना पुढे सरकते, आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय आहे. वेळीच डाव्या कुशीत छेद घेतला तर तार निघते. जनावर उभे ठेवून, तेवढ्या भागाला भूल देऊन हे करता येते. तार हृदयाच्या आवरणात शिरली असेल तर आशा फार थोडी. पेरणी तोंडावर, जोडी मोडलेली, हातात पैसा नाही, आणि डॉक्टर कागद पुढे करतात. त्याने काय करावे?

येथे एक विवेक केला पाहिजे. शेतकरी खर्चाचा मालक आहे. वेदनेचा मालक नाही, राखणदार आहे. खर्च झेपत नाही असे सांगणारा निर्दय ठरत नाही. पण मग निदान वेदना कमी करण्याचा उपाय मागणे त्याचे कर्तव्य आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलमही, ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याला अनावश्यक यातना होऊ देऊ नयेत, असेच सांगते. उलट, आशा संपलेली असताना 'आपण सर्व काही केले' या स्वतःच्या समाधानासाठी त्याला चिरणे हीही दया नव्हे.

म्हणून सहीपूर्वी विचारावे: शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? केली तर किती दिवस दुखेल? पुन्हा उभा राहील का? नांगराला जुंपता आला नाही तरी मी त्याला पोसीन का? हा शेवटचा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, स्वतःला विचारावयाचा आहे.

डॉक्टरांचेही कर्तव्य आहे. कागद हिंदीत वा इंग्रजीत, आणि धनी घरी मराठी बोलणारा. अशा वेळी अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. शरणांनी तत्त्वज्ञान संस्कृतात न ठेवता लोकांच्या कन्नडात सांगितले, कारण जे समजत नाही ते स्वीकारताही येत नाही. धोका धन्याच्या बोलीत, न घाबरवता आणि न लपवता सांगावा. सहीने डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही. ती दोघांत वाटली जाते, इतकेच.

बसवण्णांनी सर्व प्राणिमात्रांवरील दयेला धर्माचे मूळ मानले. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याचे खांदे आपण तूप-हळदीने शेकतो, त्याच्यासाठी कागदावर लिहिताना तोच हात थोडा थांबावा. बैल बोलत नाही. म्हणूनच त्याच्या वतीने बोलणाऱ्याने आधी त्याच्याजवळ क्षणभर उभे राहावे.

शरणु शरणार्थी.