कुंडीचा कोपरा

शेताची कापणी करताना कडेचा कोपरा कापू नये, तो दरिद्र्यासाठी व परक्यासाठी ठेवावा, ही लेवीयच्या १९ व्या अध्यायातील आज्ञा आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्याचे सारे शेत म्हणजे दाराबाहेरच्या चार कुंड्या, त्याने कोपरा कोठून काढावा? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल. सिंगापूरला राहणाऱ्या आपल्या मंडळींस तो तसा वाटणार नाही.

तेथे दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठ सरकारी गृहमंडळाच्या उंच इमारतींत राहतात. २०१६ पासून काही बागांतून अडीच मीटर लांब व एक मीटर रुंद असे वाफे तीन वर्षांच्या कराराने मिळू लागले. २०२० च्या महामारीत तर सरकारने भाज्यांच्या बियांची पाकिटे फुकट वाटली. तरी बहुतेकांची बाग म्हणजे आपल्या चाळीच्या गॅलरीसारखा सामाईक व्हरांडाच. त्यात कढीलिंब, गवती चहा, पंदान, मिरची. वाट १.२ मीटर मोकळी हवी, बशीत पाणी साचून डास झाले तर दंड. म्हणजे रोप आपले, पण जागा साऱ्या मजल्याची. मग येताजाता कोणी चार पाने खुडली तर ती चोरी का?

मिश्नाच्या ‘पेआ’ या भागात कोपऱ्याच्या आज्ञेचा बारीक विचार आहे. जे खाण्याचे, राखलेले, जमिनीत उगवणारे, एकदम कापले जाणारे आणि साठवले जाणारे, त्यालाच ती लागू. पालेभाजी साठवत नाहीत, म्हणून ती सुटली. दुसरीकडे जमीन केवढी असली म्हणजे कोपरा द्यावा, या वादात रब्बी अकिवा म्हणतात, कितीही लहान असो. थोडक्यात, जागा लहान ही सबब अकिवांपुढे चालत नाही; कढीलिंबवाला सुटतो तो पाल्याच्या सवलतीवर.

सुटला म्हणून प्रश्न संपत नाही. रोज पाणी घालणाऱ्याचा रागही खोटा नव्हे. कोवळे रोप ओरबाडले की ते मरते, मग ना त्याला ना शेजाऱ्याला. घेणाऱ्याने विचारावे हे रास्तच. पण कोपऱ्याच्या आज्ञेत मला मोठी वाटते ती गोष्ट निराळी: तेथे दरिद्र्याला विचारावे लागत नाही, आणि एकास घेऊ देऊन दुसऱ्यास अडवणारा मालक गरिबाला लुटतो, असे मिश्ना म्हणते. देणाऱ्याला आभार मिळत नाहीत. आपण मात्र पाने देतो ती बहुधा ओळखीच्यांस, आणि आभारासकट.

शेजाऱ्याला तर पानाऐवजी रोपच द्यावे. कढीलिंबाच्या मुळाशी फुटवे येतात, गवती चहाचा ठोंब वेगळा करता येतो, पंदानचीही पिले निघतात. परंतु त्याच मजल्यावर दुसऱ्याच्या घरी राहून घरकाम करणारी इंडोनेशियाची वा फिलिपाइन्सची बाई असते. कुंडी ठेवायला तिला स्वतःचे दार नाही. रोप घेऊन ती काय करणार? आपणही परक्या देशात राहतो, पण आपल्याला दार आहे. तिच्यासाठी भिंतीकडची एक फांदी राखावी, जवळ कात्री टांगावी, आणि ती केव्हा येऊन पाने कापून नेते ते पाहत बसू नये. शेंडा कात्रीने नीट कापला तर कढीलिंबाला नव्या फांद्याच फुटतात.