व्रतस्नातक आणि स्पर्धा परीक्षा

पदवीधरासाठी मराठीत रूढ असलेला ‘स्नातक’ हा शब्द समावर्तन संस्कारातून, म्हणजे गुरुगृहातील अध्ययन संपवून घरी परतताना होणाऱ्या विधिपूर्वक स्नानातून आला आहे. पारस्कर गृह्यसूत्राने स्नातकांचे तीन प्रकार मानले आहेत: वेदाध्ययन पुरे झाले पण ब्रह्मचर्यव्रताची मुदत राहिली तो विद्यास्नातक, मुदत पाळली पण अध्ययन अपुरे राहिले तो व्रतस्नातक, आणि दोन्ही साधले तो विद्याव्रतस्नातक. तिघांनाही स्नानाचा अधिकार होता, ही यातली विचार करण्याजोगी गोष्ट आहे. विद्या हाती आली नाही तरी पाळलेले व्रत वाया गेले असे सूत्रकार मानीत नाहीत.

पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत पदवीनंतर नोकरी न धरता लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारे हजारो तरुण-तरुणी राहतात. भाड्याची कॉट, मेसचे जेवण, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, लांबणीवर टाकलेले लग्न आणि मधुकरीच्या जागी गावाहून येणारे पैसे, असे हे जवळजवळ ब्रह्मचर्याश्रमाचेच जीवन आहे. (जुन्या आश्रमाचे दार स्त्रियांना आणि शूद्रांना बंद होते, अभ्यासिकेचे नाही, हा भेद मोठाच आहे.) मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाला सेवावृत्ती, म्हणजे दुसऱ्याची चाकरी, कुत्र्याचे जिणे म्हणून वर्ज्य सांगितली आहे आणि आजचा स्नातक तर चाकरीसाठीच व्रतस्थ होतो, पण मनूचा नियम ज्यांना दान, अध्यापन असे अन्य मार्ग मोकळे होते त्यांच्यासाठी होता, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला तहसीलदारपद दास्य न वाटता सुटका वाटते, यात तिची चूक नाही.

थोड्या गुणांनी यादीबाहेर राहिलेल्याला गीतेतील निष्काम कर्माचा, म्हणजे फळावर हक्क न सांगता कर्म करण्याचा, उपदेश हमखास केला जातो. तो येथे लागू पडत नाही, कारण निष्काम कर्म हे करण्यातच सार्थ असते, तर निवडीसाठी केलेल्या पाठांतराला निवडीवाचून दुसरा अर्थच ठेवलेला नाही. पूर्व, मुख्य आणि मुलाखत या तिन्ही टप्प्यांच्या व्यवस्थेत व्रतस्नातकाची जागा कोठेच नाही. तेथे मुदत संपते ती वयोमर्यादेने: राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गात ३८ वर्षे, मागासवर्गीयांसाठी ४३.