नालीच्या खालचा शेजारी

वैनगंगेकाठच्या आपल्या बालाघाटात जूनच्या मध्यास पाऊस येतो आणि अंगणाच्या कडेची नाली तुंबते. कौलांवरून आलेली माती, पाला, भांड्यांच्या पाण्यातला चिकटा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वळणावर साचतात. उपाय साधा आहे. पावसाआधी नाली खालच्या टोकापासून उपसावी, मोरीच्या तोंडाला जाळी लावावी व दर आठवड्यास ती मोकळी करावी. कारण साचलेल्या पाण्यात डासाला अंड्यापासून पंख फुटावयास आठ-दहा दिवस पुरतात.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. आम्ही बांबूने गाळ रेटतो, तो खालच्या घरापाशी अडतो. आमचे अंगण स्वच्छ झाले. आम्ही निर्दोष झालो काय? पाणी उताराने वाहून जाते, जबाबदारी वाहून जात नाही. जो वरच्या अंगाला राहतो, त्याने अधिक जपावे.

दुसरी पळवाट म्हणजे चार पैसे देऊन कुणाला तरी त्या घाणीत उतरविणे. ज्या उघड्या नालीत शौचालयाचा मैला सोडलेला असतो, ती माणसाच्या हातांनी साफ करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. पण कायद्याच्या भयाने थांबणे वेगळे, आणि त्या माणसाचे हात आपल्याच हातांसारखे आहेत हे ओळखून थांबणे वेगळे. मैल्याची वाट आपण शोषखड्ड्याच्या टाकीकडे वळवावी. घरचा पाला व गाळ तर आपलाच. त्यासाठी फावडे आपणच धरावे. काढलेला गाळ काठावर ठेवला तर पहिल्या सरीबरोबर परत नालीत जातो. तो उचलून नेईपर्यंत आपले काम संपले असे समजू नये.