स्वच्छता कोणासाठी?

एखादी वस्तू स्वच्छ करणे आणि ती स्वच्छ ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली पैसे मोजून करून घेता येते. दुसरीसाठी रोज थोडे मन घालावे लागते. घरातील मोटारगाडी हे याचे बोलके उदाहरण. गाडी 'डिटेलिंग'ला दिली, की कारागीर गाद्यांच्या शिवणींपासून चाकांच्या खाचांपर्यंत सारे साफ करतात, रंगावरचे बारीक ओरखडे पॉलिशने घालवतात आणि वर मेणाचा थर चढवतात. गाडी नव्यासारखी होऊन दारात येते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर धूळ असतेच! मग पुढच्या धुण्यापर्यंत ही लकाकी टिकवायची कशी? वरवर व्यवहाराच्या वाटणाऱ्या या प्रश्नाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

आधी व्यवहार पाहू. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीच्या जातीचे सूक्ष्म कण असतात आणि ते या थराहून कितीतरी कठीण असतात. म्हणून धुळकट गाडीवर कोरडे फडके जोराने फिरवणे म्हणजे तिच्यावर पॉलिशपेपर घासणेच होय. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेषा चमकतात, त्या पुष्कळदा अशा घाईच्या सफाईनेच उमटलेल्या असतात. धूळ आधी पाण्याने सोडवावी, मग मऊ, स्वच्छ कापडाने हलकेच टिपावी. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते. उन्हात ती रंगात मुरली तर डाग कायमचा राहतो. तेव्हा ती दिसताच भिजवून, न घासता उचलावी. भांड्यांचा साबण टाळावा. घाणीबरोबर तो मेणाचा थरही उतरवतो. आपल्या वसईसारख्या किनाऱ्यावर खारा वारा आणि पावसाळ्यातला चिखल गाडीच्या बुडाशी गंज धरवतात. म्हणून चमकणाऱ्या टपाइतकीच, किंबहुना अधिक, काळजी कोणाला न दिसणाऱ्या त्या बुडाची घ्यावी.

वेळेवर, हळुवारपणे आणि कोणी पाहत नसतानाही करणे, हेच निगेचे सार आहे. परंतु निगा चांगली असली, तरी तिची किंमत कोण देतो हे विचारल्यावाचून तिला सद्गुण म्हणता येईल का?

पाण्याचेच पाहा. उघड्या नळीतून मिनिटाला सहज दहा लिटर पाणी जाते. दहा मिनिटांत शंभर लिटर. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात १ फेब्रुवारी २०१८ पासून दर माणशी दिवसाला अवघ्या ५० लिटर पाण्याची मर्यादा घातली गेली आणि नळाच्या पाण्याने गाड्या धुण्यास तेथे बंदी होती. मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्येही पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून ५००० रुपये दंड ठरवण्यात आला. अशा दिवसांत धुळकट गाडी ही आळसाची नव्हे, तर शेजारधर्माची खूण ठरते. टँकरच्या फेऱ्या मोजत उन्हाळे काढलेल्या वसई-विरारकरांना हे वेगळे सांगायला नको. एका बादलीत, दोन फडक्यांत होणारे काम नळीने करण्यात स्वच्छता नाही, केवळ सोय आहे.

आणि ती बादली उचलतो कोण? मुंबईच्या अनेक सोसायट्यांत आपण जागे होण्यापूर्वी कोणीतरी गाड्या पुसून गेलेला असतो. एकच बादली, एकच फडके आणि पुढे रांगेत उभ्या गाड्या. पाणी गढूळ होत जाते आणि फडक्यात वाळू साठत जाते. ओरखडा दिसला की बोल मात्र त्याला लागतो. त्याच्या हाती दुसरे फडके द्यावे, त्याला दुसऱ्या बादलीपुरता वेळ मिळावा आणि त्या वेळेचे मोल त्याच्या पदरात पडावे, हे किती जणांना सुचते? हळुवारपणाची अपेक्षा ज्याच्याकडून करायची, त्याच्याशी आपण तरी हळुवार वागायला हवे.

गाडी निर्मळ राखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ती न वापरणे. पण तोही फसवा आहे. धुळीवर आवरण घातले, तर वाऱ्याने हलणारे तेच कापड रंगावर ओरखडे काढते. शिवाय उभी राहिलेली गाडी कोणाच्या कामाची? भर पावसात बाजारातून परतणारी आजी, हातात ओल्या बोंबलांची पिशवी, पाय चिखलाने भरलेले. तिला 'जरा थांब गं, रिक्षा बघतो' म्हणणाऱ्या नातवाची गाडी स्वच्छ राहील खरी. पण त्या गादीवर डाग नसण्याला आपण काय नाव देणार?

यावरचा उपाय फार साधा आहे. पायांखाली धुता येण्याजोगी रबरी पायपुसणी घालावीत, मागे एक जुना टॉवेल ठेवावा, पिशवीसाठी प्लास्टिकचे घमेले ठेवावे. चिखलाचे पाय येणारच, हे गृहीत धरून केलेली ही तयारी होय. वस्तूची निगा आणि माणसाचा मान यांत निवड करण्याची वेळ बहुधा पूर्वतयारीच्या अभावीच येते. तरीही ती आलीच, तर दार उघडावे, आजीला आत घ्यावे. गादी उद्या पुसता येते.