अपयश आणि अपराध

नाटक पडले, असे आपण म्हणतो. घर पडते, भाव पडतो, तसे नाटकही पडते. पण पडलेल्या घराखाली कोण सापडले याची चौकशी होते. पडलेल्या नाटकाची ती सहसा होत नाही. नट दुसऱ्या नाटकात जातात, पडदे दुसऱ्या गावी भाड्याने लागतात. संगीतकाराचे मात्र तसे नसते. नाटकाबरोबर त्याच्या चालीही मुक्या होतात, आणि पुढे कधी त्याने आठवणी लिहायला घेतल्या, तर त्या मुक्या चालींविषयी काय लिहावे, हा त्याच्यापुढे निव्वळ वाङ्मयीन प्रश्न उरत नाही. ‘मी चुकलो’ असे लिहावे, की ‘लोक चुकले’ असे? तेथे सदसद्विवेकबुद्धी साक्षीला उभी राहते.

हा प्रश्न माझ्या मनात आला तो केशवराव भोळे यांच्यामुळे. १९३३ साली मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था निघाली. तिच्या उभारणीत केशवरावांचा वाटा होता. १ जुलै १९३३ रोजी तिने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून ते श्री. वि. वर्तकांनी रचले होते. पुरुष स्त्रीकडून ज्या शीलाची अपेक्षा धरतो, तेच शील स्त्रीने पुरुषाकडून का मागू नये, हा मूळ नाटकाचा विषय. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यांत गोमंतकातून आलेल्या ज्योत्स्नाबाई भोळे होत्या.

संगीतातील धाडस याहून मोठे होते. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून मराठी माणूस नाटकाला जाई तो बहुतांशी गाणे ऐकायला. पदांची संख्या शंभरावर जाई, ‘वन्स मोअर’च्या गजरात कथानक तासन् तास खोळंबे, आणि गायक नट भूमिका बाजूला ठेवून बैठक मांडून बसे. केशवरावांनी पदे मोजकी ठेवली, लहान ठेवली, बोलण्याच्या ओघातून गाणे उगवेल अशी त्यांची बांधणी केली. जेथे पूर्वी तान पडली असती, तेथे पार्श्वसंगीताला बोलू दिले. जाणकारांनी वाखाणले. पण पुढील नाटकांना तो जोम लाभला नाही आणि संस्था अल्पायुषी ठरली.

दोष कोणाचा? १९३१ पासून बोलपट आला होता आणि नाटक कंपन्या एकेक करून गळत होत्या. खुद्द बालगंधर्व १९३५ साली ‘धर्मात्मा’ बोलपटात उतरले. केशवरावही ‘प्रभात’मध्ये गेले; १९३४ चा ‘अमृतमंथन’ आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ यांचे संगीत त्यांचे. इकडे १९४२ साली मो. ग. रांगणेकरांचे ‘कुलवधू’ आले. आटोपशीर नाटक, थोडी पदे, नायिका ज्योत्स्नाबाईच. लोकांनी ते डोक्यावर घेतले. त्याला संगीत मास्टर कृष्णरावांचे होते. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण ऐकतो तेव्हा गोड वाटते. पेरणाऱ्याच्या घरात बसून ते ऐकणे वेगळे असावे.

१९६४ साली केशवरावांचे ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या नावातील पहिल्याच शब्दापाशी मी थबकतो. ‘माझे’ म्हणजे गाजलेलेही माझे आणि विझलेलेही माझे. एवढी मालकी स्वीकारायला धैर्य लागते, कारण विझलेल्याला दुसरे मालक पुष्कळ काढता येतात.

दूरचे एक उदाहरण देतो. अमेरिकन संगीतकार स्टीफन सोंडहाइम यांचे ‘मेरिली वुई रोल अलाँग’ हे संगीत नाटक १९८१ साली न्यूयॉर्कला अवघ्या सोळा प्रयोगांत बंद पडले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने ते नंतर पुन्हा पुन्हा दुरुस्त केले. २०२४ साली त्याच नाटकाला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा टोनी पुरस्कार मिळाला. सोंडहाइम २०२१ मध्येच वारले होते. मग १९८१ चे लोक चुकले होते काय? मला तसे वाटत नाही. त्या रात्री त्यांच्यासमोर जे होते, त्यावर त्यांनी मत दिले, आणि दुरुस्तीची गरज कर्त्यालाही वाटलीच. ‘लोकांना कळले नाही’ हे वाक्य कलावंताला फार लवकर सुचते, म्हणून त्याचा मला संशय येतो.

संत ऑगस्टीन यांनी तरुणपणी सौंदर्यावर एक ग्रंथ लिहिला होता. तो हरवला, आणि कसा हरवला हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ‘कन्फेशन्स’च्या चौथ्या भागात त्याची आठवण येते. ग्रंथ चालला की पडला, याची तेथे त्यांना फिकीर नाही. रोममधील हिएरिउस नावाच्या वक्त्याला, ज्याला आपण कधी पाहिलेही नव्हते, तो अर्पण केला, आणि त्याच्या स्तुतीसाठी आपला जीव टांगणीला लागला होता, हे त्यांना सलते. ग्रंथाचे नशीब बाजूला सारून त्यांनी आपला अपराध नेमका तेवढाच उचलून दाखवला.

हे नेमकेपण मला कसे जमले नाही, ते सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सणाला मी ‘उधळ्या पुत्र’ ही संगीत नाटिका बसवली होती. बापाच्या पदाला जोगियात विलंबित चाल बांधली. बोधकथेत नसलेली आई मी घातली, आणि तिलाही एक पद दिले. प्रयोग सुरू झाला, आणि तिसऱ्या पदाला पोरे शिट्या घालू लागली. बायकांनी चटया गुंडाळल्या. शेवटी फादर, मिरणीकर आणि नटांच्या आया एवढेच उरले. मी वाऱ्याला दोष दिला, माइकवाल्याला दिला. श्रोत्यांना मात्र देता येईना. हीच माणसे जत्रेत दशावताराला पहाटेपर्यंत बसतात, आणि पेटीवाला कुठे ढिला पडला ते सकाळी चहाच्या टपरीवर सांगतात.

पुढच्या शनिवारी पापनिवेदनाला गेलो. अहंकार, धर्मग्रामाच्या पैशांची उधळपट्टी, सर्व सांगितले. फादर शांतपणे म्हणाले, “मास्तर, नाटक पडलं हे पाप नव्हे. पाप कोणतं ते सांगा.” मला उत्तर सुचले नाही. मनातून थोडा रागही आला. एवढे मोठे दुःख घेऊन गेलो होतो आणि त्याला पापाचा मानही मिळाला नाही!

उत्तर पंधरवड्याने सापडले. आईचे पद मुळात मी गायकवृंदातील एका वयस्क मावशीला दिले होते. गेली तीस वर्षे चर्चमध्ये पहिला सूर तिचाच लागे. तालमीत तिचा वरचा षड्ज थरथरू लागला, तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी तिला वगळले आणि कुडाळहून एक शिकलेली मुलगी आणली. वगळले याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. आवाज खरोखरच थरथरत होता. परंतु ते मी तिला तोंडाने सांगितले नाही. एका पोराकरवी निरोप धाडला, “मावशीला सांग, उद्यापासून येऊ नकोस.” ती प्रयोगाला आली होती. चटया उचलणाऱ्यांत ती नव्हती, हे मला फार उशिरा आठवले.

नाटिका यशस्वी झाली असती, तर हा निरोप मी कलेच्या खात्यावर मांडून मोकळा झालो असतो. आठवणी लिहिल्या असत्या, तर तेथेही एखादे ऐटदार वाक्य टाकले असते.

मी तिच्या घरी गेलो. ती पडवीत सुकट निवडत होती. “येवा मास्तरांनू, बसा,” म्हणाली. मी अडखळत बोललो. तिने हात थांबवला नाही. “आवाज थरथरता, ता माका कळणा नाय काय? पण ता तुमी येवन सांगूक व्हया होता,” एवढेच म्हणाली. मग थोड्या वेळाने, बहुधा माझी अवस्था पाहून, तिने आईच्या पदाचा मुखडा आपल्याशीच गुणगुणला. खालच्याच पट्टीत. मध्यमावर येताच तिने एक लहानसे वळण घेतले. ते माझ्या चालीत नव्हते.