कोय फोडावी की पेरावी?

आंबा खाऊन झाल्यावर कोय सरळ केरात टाकू लागला, की मनुष्य प्रौढ झाला असे खुशाल समजावे. लहान मुलाच्या लेखी आंब्याची खरी मौज तेथूनच सुरू होते. कोय वाळवावयाची, दगडाने ठेचावयाची आणि आत काय आहे ते पाहावयाचे! बहुधा दोन जाड दळे निघतात. क्वचित एखादा काळपट भुंगा जिवंत बाहेर पडतो. कवचाला भोक नाही, सालीवर व्रण नाही. मग हा शिरला कोठून? प्रश्न पोरकट नव्हे. मादी कोवळ्या फळाच्या सालीवर अंडे घालते, अळी कोय मऊ असतानाच आत जाते, आणि फळ वाढता वाढता तिची वाट बुजून जाते. हे उत्तर मात्र कोय फोडून मिळाले नाही. त्यासाठी कोणाला तरी कोवळ्या कैरीपासून त्या फळावर लक्ष ठेवावे लागले.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील कथा सर्वश्रुत आहे. बारा वर्षे वेदाध्ययन करून चोविसाव्या वर्षी ताठ मानेने घरी परतलेल्या श्वेतकेतूला त्याचे वडील उद्दालक आरुणी वडाचे फळ आणावयास सांगतात, ते फोडावयास सांगतात, आणि मग आतील एक बीही फोडावयास लावतात. त्या बीत श्वेतकेतूला काहीच दिसत नाही. आणि त्या न दिसणाऱ्या अणिम्यातूनच एवढा वटवृक्ष उभा आहे, असे पिता त्याला समजावतो. या कथेवर निरूपणे पुष्कळ होतात. एक बारीक गोष्ट मात्र त्यांत निसटते. वडाच्या फळात बिया अगणित असतात. एक फोडली तरी वडाचे काही अडले नाही. आंब्यात कोय एकच असते.

आणि ज्यांच्या अंतरंगाविषयी आपली उत्सुकता अनावर होते, ती घरची माणसे आंब्याच्या जातीची आहेत. मुलगा पुढे कोण होणार हे दहाव्या वर्षीच कळावे म्हणून त्याला परीक्षांनी आणि शेजारच्या मुलाशी तुलना करून ठेचीत राहणे, वयात आलेल्या मुलीची वही तिच्या माघारी उघडून पाहणे, याला आपण काळजी म्हणतो. काळजी त्यात असतेही. परंतु कुतूहल तिच्याहून अधिक असते, हे आपले आपणास ठाऊक असते.

यावर कोणी विचारील, “आत भुंगा लागला असेल तर? तरीही पाहू नये काय?” आक्षेप खरा आहे. न पाहणे हा पुष्कळदा आदर नसतो, निव्वळ आळस असतो. जाणता माळीही कोय उघडतो. पण कवच अलगद उकलतो, आतील गराला धक्का लागू देत नाही, आणि तो लागलीच मातीत लावतो. असा गर लवकर रुजतो. भुंगा असलाच तर तोही त्याला दिसतो. माळी पाहतो ते लावण्यासाठी, आणि माझ्या मते पाहण्याचा अधिकार त्यातूनच येतो.

लावून पाहण्यात उत्तर उशिरा येते, आणि मनासारखे येईलच असे नाही. मानकुरादची कोय रुजविली म्हणून मानकुराद मिळेल असा भरवसा नसतो. म्हणून तर लोक कलमे बांधतात. कोयीचे झाड रायवळ, स्वतःच्या गुणाचे. त्याच्या फळाची वाट कित्येक वर्षे पाहावी लागते.

वाट पाहण्याची परिसीमा इस्रायलमध्ये दिसली. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यावर 1963 ते 1965 या काळात झालेल्या उत्खननात खजुराच्या प्राचीन बिया सापडल्या आणि सुमारे चाळीस वर्षे जपून ठेवल्या गेल्या. 2005 साली त्यांतील तीन पेरल्या, एक उगवली. पेरलेली बी खरोखरच जुनी होती काय, हे तर जाणून घ्यावयाचे होते. पण बी फोडावी तर रोप जाणार. पुढे रोप दुसऱ्या कुंडीत हलविताना मुळांना चिकटलेले कवचाचे तुकडे मिळाले. अंकुराने स्वतःच टाकून दिलेल्या त्या तुकड्यांवरून वय निघाले : सुमारे दोन हजार वर्षे.