आग विझवणाऱ्याचे ऋण



उन्हाळा लागला की आपल्या पवनी तालुक्यात दोन आगींची धास्ती असते. एक तणसाच्या ढिगाची आणि गोठ्याची, दुसरी जंगलातल्या वणव्याची. अशा वेळी आधी धावतो तो शेजारी. कुणी विहिरीवरची मोटार सुरू करतो, कुणी बादल्या घेऊन येतो, कुणी गुरांची दावी सोडतो. अग्निशमन दलाची गाडी शहरातून निघते आणि बऱ्याचदा ती पोचेपर्यंत गावकऱ्यांनी आग निम्मी आवरलेली असते.

हे असे का, याचे एक कारण कायद्यात आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या कामांची जी यादी दिली, तिच्यात अग्निशमन सेवा आहे. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली, तिच्यात ही सेवा नाही. म्हणजे शहराला बंब आणि खेड्याला शेजारधर्म, अशी वाटणी झाली. शेजारधर्माबद्दल आपली तक्रार नाही, तो तर प्रभूचीच आज्ञा आहे. प्रश्न वेगळा आहे. माणसे प्रेमाने धावून जातात म्हणून शासनाचे कर्तव्य कमी होते का?

८ एप्रिल २०२१ चा दिवस आठवावा. आपल्या शेजारच्या नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले, दोघे गंभीर भाजले. उन्हाळ्यापुरते रोजीवर लावलेले ते गावचे लोक होते. ते काही निव्वळ स्वयंसेवक नव्हते. पण जो धोका त्यांनी पत्करला, त्याच्या मानाने त्यांची रोजी ती काय! त्यांच्यासोबत आणि त्यांच्यासारखेच, काहीही न घेता, जंगलालगतच्या गावांतले कितीतरी तरुण दरवर्षी हिरव्या डहाळ्या हातात घेऊन वणवा झोडपतात.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याचे ७९ वे कलम सांगते की, ज्यांना राखीव किंवा संरक्षित जंगलात काही हक्क आहेत, त्यांनी वणव्याची खबर दिली पाहिजे आणि तो विझवायला मदत केली पाहिजे. हे रास्तच आहे. जंगलातून मोहफूल, तेंदूपान, सरपण आणायचे आणि जंगल जळताना घरी बसायचे, हे न्यायाचे नाही. पण न्याय दोन्ही बाजूंनी लागतो. ज्याला आगीसमोर उभे राहायला सांगितले, त्याच्या पायात बूट आहेत का, त्याला वाऱ्याची दिशा ओळखायला शिकवले आहे का, तो परत आला नाही तर त्याच्या लेकरांचे काय, हे विचारण्याचे बंधन सांगणाऱ्यावर येते.

हा प्रश्न आपल्याच गावचा आहे असे नाही. २०१९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वणवे पेटले, तेव्हा हजारो स्वयंसेवक आठवडेच्या आठवडे कामधंदा सोडून आगीशी झुंजत होते. त्यांना भरपाई द्यावी का असा प्रश्न आला, तेव्हा पंतप्रधानांचे आधी म्हणणे पडले की या लोकांना हे काम करायचेच आहे. ते खरेही होते. पण मनापासून करायचे आहे म्हणून घरची चूल थोडीच पेटते! डिसेंबर संपताना सरकारला दिवसाला ३०० डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त ६००० डॉलर भरपाई जाहीर करावी लागली.

कुणी म्हणेल, पैसे घेतले की सेवेचे पुण्य उरत नाही. आम्हांला तसे वाटत नाही. बूट, हातमोजे, प्रशिक्षण, विमा ही प्रेमाची किंमत नव्हे. ज्याने आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, त्याच्या जिवाची ती कदर आहे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला पाहा. त्याने जखमी माणसाला स्वतः उचलले, जखमा बांधल्या. पण तो तिथेच थांबला नाही. उतारशाळेच्या मालकाला त्याने दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना फेडीन, असे वचन दिले. मालकाने फुकट करावे, अशी अपेक्षा त्याने धरली नाही. त्याची दया नीट व्यवस्था लावून पुढे गेली.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या विश्वपत्रात सांगितले की, लहान समूहाला जे जमते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. मोठ्याचे काम लहानाला साहाय्य करण्याचे आहे. गावाला आग विझवता येते, म्हणून गावाने विझवावी. पण पाण्याची टाकी, पंप, शिकवणारा माणूस आणि विमा गावाला एकट्याने पेलत नसेल, तर तिथे शासनाने उभे राहिले पाहिजे.

आणि काही गोष्टी धावून जाणाऱ्याच्या हातात नसतातच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सात बाळे वाचली, दहा गेली. त्या रात्री कुणी कितीही धावले असते, तरी आगीच्या आधी करायची कामे आगीच्या वेळी करता येत नाहीत. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या तपासणीचा आदेश निघाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळला. आदेश निघणे वेगळे आणि काम होणे वेगळे.

मग आपण काय करावे? पहिले म्हणजे, आपल्या हाताने आग लावू नये. मोहफूल वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची सवय सोडली, तर कितीतरी वणवे लागणारच नाहीत. दुसरे, १ मेच्या ग्रामसभेला जावे आणि सरळ विचारावे: गावात पंप कुठे आहे, किल्ली कुणाकडे आहे, धावणाऱ्या पोरांची यादी केली आहे का, त्यांचा विमा काढता येईल का? हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे. धावणाऱ्या पोरांच्या आयांच्या वतीने विचारणे आहे. तिसरे, अग्निशमन दलाचा १०१ आणि वन विभागाचा १९२६ हे क्रमांक घरातल्या लहानथोरांना पाठ असू द्यावेत.

४ मे रोजी ख्रिस्तसभा संत फ्लोरियन यांचे स्मरण करते. ते रोमी सैन्यातले अधिकारी होते. श्रद्धेसाठी ३०४ साली त्यांना नदीत बुडवून मारले गेले. आग विझवणाऱ्यांचे ते आश्रयदाते संत. त्या दिवशी मिस्सामध्ये नागझिऱ्यात गेलेल्या तिघांची आणि भंडाऱ्याच्या दहा बाळांची आठवण ठेवू या. आणि या उन्हाळ्यात जे धावतील, ते सगळे सुखरूप घरी परतावेत, अशी प्रार्थना करू या.